नागरिक कोण? : अथेन्समधील एक जुना वाद

राज्यपद्धतींच्या चर्चेंत ग्रीकांचें नांव निघालें नाहीं असें क्वचितच होतें. एकाचें राज्य, थोड्यांचें राज्य आणि बहुतांचें राज्य असे तीन प्रकार, त्या प्रत्येकाचें एक विकृत रूप, आणि एकांतून दुसऱ्यांत होणारें त्यांचें संक्रमण, हा पाठ राज्यशास्त्र घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानें एकदां तरी घोकलेला असतो. आणि आम्हीं स्वतः तो पुष्कळ वर्षें घोकून घेतला आहे. परंतु 'बहुतांचें राज्य' हे शब्द उच्चारतांना हे बहुत म्हणजे कोण, त्यांची मोजदाद कोणीं केली आणि मोजणाऱ्यास तो अधिकार कोणीं दिला, हे प्रश्न त्या पाठांत सहसा येत नाहींत. ग्रीकांच्या प्रत्यक्ष व्यवहारांत मात्र तेच आधीं येत. अथेन्समध्यें इ. स. पू. ४०३ या वर्षीं ते अशा रीतीनें पुढें उभे राहिले कीं, थोड्याशा अवधींत लोकसत्तेच्या कैवाऱ्यांनींच त्यांचीं दोन निरनिराळीं उत्तरें दिलीं. आणि तीं दोन उत्तरें शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं असतां वाचणाराचें मन स्वस्थ राहत नाहीं. त्या वर्षाची हकीकत येथें सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम एका कल्पनेचा उलगडा केला पाहिजे. आज आपण 'नागरिकाचे हक्क' असें म्हणतों तेव्हां माणसाला केवळ माणूस म्हणून कांहीं मिळावयास पाहिजे, अशी समजूत आपल्या मनांत असते. ही समजूत बरीच अलीकडची आहे. ग्रीक मनुष्य नागरिकत्वाविषयीं बोलतांना 'राज्यांत वांटा असणें' असा प्रयोग करी. वांटा म्हटला म्हणजे तो वडिलोपार्जित मिळकतीचा; त्याला वारस असावयाचे, भाऊबंद असावयाचे, आणि एक वांटेकरी वाढला कीं बाकीच्यांच्या कपाळाला आठी पडावयाची. लोकसभेंत मत देणें, चिठ्ठी निघाल्यास न्यायसभेंत बसून तीन ओबोल रोज घेणें, जमीन धारण करणें, बाहेरून धान्य आलें तर तें मापून घेणें, हें सर्व त्या वांट्यांतच मोडे. नागरिकांच्या बायकांना या वांट्याचे वारस प्रसवण्यापलीकडे त्यांत कांहीं काम नव्हतें.

पेरिक्लीसनें इ. स. पू. ४५१ मध्यें असा कायदा करविला कीं, ज्याचे आईबाप दोघेही अथेन्सचे असतील तोच अथेन्सचा नागरिक. पुढें कांहीं वर्षांनीं ईजिप्तच्या एका राजानें चाळीस हजार मापें गहूं अथेन्सकरांस भेट म्हणून पाठविला. तो वांटावयाचा तर वांटेकरी मोजले पाहिजेत, म्हणून छाननी सुरू झाली. आणि जवळजवळ पांच हजार लोक खोटे नागरिक ठरून यादींतून गेले, असें प्लुटार्क सांगतो. कायदा पुस्तकांत होता तोंपर्यंत तो फारसा कोणास बोंचला नव्हता; गहूं बंदरांत आला तेव्हां तो बोंचला. ज्या पेरिक्लीसनें हा नियम घातला त्यालाच, महामारींत औरस मुलगे वारल्यावर, परकी स्त्रीपासून झालेला आपला मुलगा नागरिकांत घ्यावा म्हणून लोकसभेची मनधरणी करावी लागली. सभेनें म्हाताऱ्याची दया येऊन ती मान्य केली. याच मुलाला सेनापति झाल्यावर त्याच लोकसभेनें पुढें देहान्ताची शिक्षा दिली. पण तो निराळा विषय आहे.

या वांट्याच्या बाहेर, पण शहराच्या आंत, एक मोठा वर्ग होता. त्यास मेटिक म्हणत. आपल्याकडील जुन्या गांवगाड्यांत मिरासदार आणि उपरी असा भेद असे. मिरासदाराचें शेत, घर आणि मान हीं वंशपरंपरेचीं. उपरी कितीही वर्षें नांगर धरो, तो उपरीच. त्यावरून मेटिकाच्या स्थितीची थोडीबहुत कल्पना येईल. मेटिकानें वर्षाला बारा द्राख्मा डोईपट्टी भरावी, एखादा नागरिक आपला कैवारी म्हणून दाखवावा, युद्ध आलें कीं हत्यार घेऊन उभें राहावें. जमीन मात्र घेऊं नये आणि लोकसभेंत पाऊल टाकूं नये. पायरिअस बंदरांतील व्यापाराचा आणि कारागिरीचा मोठा भाग या उपऱ्यांच्या हातीं होता. गुलामांची गोष्ट तर याहून खालची.

पेलोपोनीसच्या सत्तावीस वर्षांच्या युद्धानें हे बांध थोडे ढिले केले. प्लॅटीया हें मित्रनगर शत्रूनें उध्वस्त केलें तेव्हां तेथून निसटलेल्या लोकांना अथेन्सनें आपल्यांत घेतलें. ४०६ मध्यें आर्गिन्यूसीच्या आरमारी लढाईसाठीं वल्हेकरी पुरेनात, म्हणून गुलामांना वल्ह्यांवर बसविलें आणि जिंकल्यावर त्यांस बंधमुक्त करून नागरिकांत घेतलें. ॲरिस्टोफॅनीसनें पुढच्याच सालच्या आपल्या नाटकांत या गोष्टीवर कोटी केली आहे, आणि लगेच प्रेक्षकांना सुचविलें आहे कीं, एका लढाईसाठीं गुलाम चालतात तर पूर्वींच्या चुकीबद्दल हक्क गमावलेल्या आपल्या भाऊबंदांनाही परत घ्या. तात्पर्य, वांटेकरी वाढवितां येत नाहींत असें मुळींच नव्हतें. गरज पडली म्हणजे ते वाढत.

श्रीमंत आणि कुलीन मंडळींचें म्हणणें याच्या अगदीं उलट होतें. वांटेकरी आहेत तेच फार झाले, असें त्यांस वाटे. ४११ मध्यें सिसिलीच्या पराभवानें राज्य खचलें असतांना चारशें जणांनीं सत्ता बळकावली आणि लोकांस सांगितलें कीं, आम्ही नुसते तात्पुरते आहोंत; खरें राज्य पांच हजार लायक माणसांचें राहील. ही पांच हजारांची यादी त्यांनीं कधींच बाहेर काढली नाहीं. थ्यूसिडिडीसनें यांतील खुबी बरोबर ओळखली आहे. यादी आहे कीं नाहीं हें न कळणें हेंच त्या चारशांचें शस्त्र होतें; कारण शेजारी त्या यादींत असेल या भीतीनें कोणी शेजाऱ्याजवळ मन उघडें करीना. चार महिन्यांनीं ते उलथले, आणि कांहीं काळ खरोखरीचें पांच हजारांचें राज्य झालें. ज्यांना स्वतःच्या खर्चानें चिलखत-ढाल बाळगतां येई ते त्यांत होते. थ्यूसिडिडीसला आपल्या हयातींत अथेन्सला लाभलेल्या राज्यपद्धतींत हीच चांगली वाटली. या अभिप्रायाचा आमच्या विद्यार्थिदशेंत आमच्यावर फार पगडा होता. वल्हीं मारणाऱ्या गरिबांच्या जिवावर ज्या शहराचें आरमार चालत होतें, त्या शहरांत ढालीवर नागरिकत्व मोजणें हें कितपत शहाणपणाचें, हा विचार आमच्या मनांत पुष्कळ उशिरां आला.

४०४ मध्यें अथेन्स शरण आलें. समुद्रापर्यंतचे लांब तट बांसरीच्या तालावर पाडण्यांत आले आणि स्पार्टाच्या लिसॅन्डरच्या छत्राखालीं तीस जणांचें मंडळ अधिकारावर बसलें. त्यांचा म्होरक्या क्रिटिअस हा विद्वान्, कवि आणि सॉक्रेटीसच्या बैठकींत वावरलेला गृहस्थ होता. या तिसांनींही यादी केली. ती तीन हजारांची होती. यादींतल्यांना चौकशीवांचून मारावयाचें नाहीं. यादीबाहेरच्यांची हत्यारें काढून घ्यावयाचीं आणि त्यांचा जीव तिसांच्या मर्जीवर. त्यांतल्याच थेरामिनीसनें हरकत घेतली कीं, चांगलीं माणसें बरोबर तीन हजारच असतात हा हिशेब कोठला? थेरामिनीसला लोक दोन्ही पायांत चालणाऱ्या जोड्याची उपमा देत, कारण तो ४११ मध्यें इकडेही होता आणि तिकडेही होता. परंतु त्याची ही शंका इतकी नेमकी होती कीं, तिला उत्तर म्हणून क्रिटिअसनें त्याचें नांवच यादींतून खोडलें. नांव खोडलें कीं चौकशीची गरज उरत नव्हती. त्याच दिवशीं त्यास विष पाजण्यांत आलें. नागरिकत्व म्हणजे काय याची याहून थोडक्यांत व्याख्या आमच्या वाचनांत आलेली नाहीं. त्या कांहीं महिन्यांत तिसांनीं दीड हजार माणसें मारलीं असें जुने ग्रंथकार सांगतात.

यादीबाहेरच्यांत मेटिक होतेच, आणि त्यांच्याजवळ पैसा होता. केफॅलस नांवाचा सिराक्यूसचा एक धनिक पेरिक्लीसच्या आमंत्रणावरून अथेन्सला येऊन राहिला होता. त्याचे पॉलेमार्कस व लिसिअस हे मुलगे ढाली तयार करण्याचा कारखाना चालवीत. तेथें सातशें ढाली आणि एकशेंवीस गुलाम तिसांच्या हातीं लागले, यावरून त्यांच्या वैभवाची कल्पना येईल. प्लेटोचा राज्यव्यवस्थेवरील जगप्रसिद्ध संवाद याच घरांत घडतो असें दाखविलें आहे. सॉक्रेटीस पायरिअसला बेन्डिस या थ्रेसी देवतेचा नवा उत्सव पाहावयास आलेला असतो. पॉलेमार्कस त्याला आग्रहानें घरीं नेतो. वृद्ध केफॅलस उशीला टेकून बसलेला असतो, आणि न्याय म्हणजे काय हा प्रश्न तेथें निघतो. उत्तम राज्य कोणतें याचा ऊहापोह ज्या घरांत चालला, त्या घरांतील एकाही माणसाला अथेन्सच्या राज्यांत वांटा नव्हता. प्लेटो ही गोष्ट उच्चारीत नाहीं. त्याचे वाचक ती जाणून होते. आणि त्या घराचें पुढें काय झालें हेंही जाणून होते.

तें लिसिअसनेंच आपल्या भाषणांत सांगितलें आहे. तिसांना पैसा हवा होता, म्हणून दहा मेटिक धरावयाचे ठरलें. पैशासाठीं नव्हे, राज्याच्या हितासाठीं हें केलें असें दिसावें म्हणून त्यांत दोन गरीब घातले. लिसिअसच्या घरीं पाहुणे जेवत असतांना शिपाई शिरले. तो एका ओळखीच्याच्या घराच्या मागच्या दारानें निसटला आणि रात्रीं होडींतून मेगाराला गेला. पॉलेमार्कसला रस्त्यांत पकडून नेलें आणि आरोप काय हेंही न सांगतां विषाचा पेला दिला. त्याच्या बायकोच्या कानांतील सोन्याचीं कर्णभूषणें तिसांपैकीं मेलोबिअस यानें घरांत शिरल्याबरोबर ओढून काढलीं. कुटुंबाचीं तीन घरें होतीं; पण प्रेत एका भाड्याच्या खोपटांतून उचलावें लागलें.

परागंदा झालेल्या लोकसत्तावाद्यांनीं थीब्ज शहराच्या आश्रयानें जमवाजमव केली. थ्रॅसिब्यूलस सुमारें सत्तर माणसें घेऊन आला आणि सरहद्दीवरचा फायलीचा किल्ला त्यानें हिंवाळ्यांत घेतला. तिसांचें सैन्य चालून आलें तें हिमवृष्टीमुळें परतलें. सत्तरांचे सातशें झाले, सातशांचे हजार. आणि एका रात्रीं ते पायरिअसमध्यें उतरून मुनिकिआच्या टेकडीवर उभे राहिले. खालून येणारें तिसांचें सैन्य पन्नास पन्नास ढालींच्या जाडीचें होतें; वरचे दहांच्या जाडीचे, पण त्यांच्या मागें बंदरांतले हलके भालेकरी आणि दगड फेंकणारे पुष्कळ होते, आणि उतारावरून मागच्यांनाही मारा करतां येत होता. क्रिटिअस या लढाईंत पडला. जिंकणारांनीं मेलेल्यांचीं हत्यारें घेतलीं, पण आपल्याच नागरिकांच्या अंगावरचें वस्त्र कोणीं काढलें नाहीं, असें झेनोफन लिहितो. मग त्यांनीं शहराला वेढा देण्याची तयारी चालविली. ढाली नव्हत्या म्हणून लांकडाच्या आणि वेतांच्या ढाली करून त्यांस पांढरा रंग दिला. आणि जो कोणी आपल्या बाजूनें लढेल त्याला, परका असला तरी, करांच्या बाबतींत नागरिकांच्या बरोबरीनें वागवूं अशी शपथ वाहिली. परदेशांत पळालेला लिसिअसही स्वस्थ नव्हता. त्यानें दोन हजार द्राख्मा आणि दोनशें ढाली पाठविल्या, आणि शेंकड्यांनीं भाडोत्री शिपाई मिळवून दिले.

अखेरीस स्पार्टाचा राजा पॉसेनिअस यानें मध्यस्थी केली. ४०३ च्या शरदांत पायरिअसचे लोक शस्त्रांनिशीं ॲक्रोपोलिसवर चढले आणि त्यांनीं अथेना देवीला बळी अर्पण केले. झालें गेलें मनांत ठेवावयाचें नाहीं अशी उभयपक्षीं शपथ झाली. तीस आणि त्यांचे थोडे प्रमुख हस्तक तेवढे तींतून वगळले. एवढेंच नव्हे, तर लोकपक्षाला चिरडण्यासाठीं शहरपक्षानें स्पार्टाकडून काढलेलें शंभर टॅलन्ट कर्ज सर्वांनीं मिळून फेडलें. यादवीनंतर दुसऱ्याचें कर्ज फेडणारा जेता इतिहासांत फार शोधावा लागेल.

आतां पहिला वाद. फॉर्मिसिअस हा थ्रॅसिब्यूलसच्या बाजूनें परत आलेल्यांपैकींच एक. त्यानें सभेंत ठराव आणला कीं, परागंदा लोक परत आले हें ठीक. परंतु राज्य सर्वांच्या हातीं न देतां ज्यांना जमीन आहे त्यांच्याच हातीं द्यावें. स्पार्टाचीही तशीच इच्छा होती. ठराव पास झाला असता तर सुमारें पांच हजार अथेन्सकर आपल्या वांट्यास मुकले असते. पुन्हां तोच आंकडा! या ठरावाविरुद्ध एका वजनदार नागरिकासाठीं भाषण लिहून देण्यांत आलें, आणि त्याचा बराचसा भाग हॅलिकार्नॅससच्या डायोनिशिअसनें उतरून घेतल्यामुळें वांचला आहे. भाषण लिहिणारा लिसिअस होता.

हें भाषण आम्हीं अनेक वेळां वाचलें आहे, आणि प्रत्येक वेळीं त्यांत काय नाहीं याचेंच नवल वाटलें आहे. गरिबालाही जीव आहे, सर्व माणसें जन्मतः सारखीं, असा एकही सूर त्यांत नाहीं. बोलणारा आरंभींच सांगतो कीं, या ठरावानें माझें कांहीं जात नाहीं. पैशानें आणि कुळानें मी दोन्हीं बाजूंनीं सुरक्षित आहें. नंतर तो जमीनदारांकडे वळतो. अल्पसत्ता दोनदां आली तेव्हां तुमच्या जमिनी तुम्हांला कोठें राहिल्या? कित्येक जमीनवाले मारले गेले, कित्येक देशोधडीस लागले. त्या जमिनी तुम्हांला परत दिल्या त्या लोकपक्षानें. शिवाय इतके लोक वगळले तर सैन्य कोणाच्या बळावर उभें करावयाचें? स्पार्टा रागावेल म्हणतां, तर तिच्या अगदीं शेजारीं राहणारे आर्गॉसचे आणि मॅन्टिनीयाचे लोक तिला जुमानीत नाहींत, ते काय आपल्याहून मोठे? अशा व्यवहारी हिशेबांनीं तो जातो. सभा ज्या भाषेंत विचार करीत होती त्याच भाषेंत लिसिअसनें तिला समजाविलें. वांटा कमी करूं नका, कारण वांटा कमी केल्यानें मिळकतीचें रक्षण होत नाहीं. फॉर्मिसिअसचा ठराव पडला. जमीन नसलेला अथेन्सकर नागरिक राहिला, आणि पुढें ऐशी वर्षें त्याला कोणीं हात लावला नाहीं.

दुसरा वाद याच सुमाराचा. थ्रॅसिब्यूलसनें ठराव आणला कीं, पायरिअसहून आपल्याबरोबर जे परत आले त्या सर्वांना नागरिकत्व द्यावें. त्यांत मेटिक होते, परके होते, आणि उघड उघड गुलामही होते. ठराव मंजूर झाला. लिसिअस नागरिक झाला. तेव्हां आर्किनस उठला. हा आर्किनस कोणी शहरपक्षाचा माणूस नव्हता. फायली घेणारांपैकीं तो एक होता, थ्रॅसिब्यूलसचा सोबती होता. त्यानें ठराव बेकायदा असल्याची फिर्याद केली. कारण कौन्सिलापुढें आधीं न ठेवतां तो सभेपुढें आला होता. वस्तुतः त्या वेळीं नवें कौन्सिल अद्याप नेमलेंच गेलें नव्हतें. फिर्याद यशस्वी झाली, ठराव रद्द झाला, आणि लिसिअस कांहीं दिवसांचें नागरिकत्व भोगून पुन्हां मेटिक झाला. करांत मात्र नागरिकांच्या बरोबरीचा. ज्या सभेनें पांच हजार गरीब नागरिकांचा वांटा त्याच्या लेखणीच्या साह्यानें राखला, त्या सभेंत त्याला बसावयास जागा उरली नाहीं.

आर्किनस सामान्य मनुष्य नव्हता, हें सांगितलें पाहिजे. शपथ मोडून जुनें वैर उकरून काढणाऱ्या एका परत आलेल्या इसमाला त्यानेंच पकडून कौन्सिलाकडून ठार करविलें. त्यानंतर तसें धाडस कोणीं केलें नाहीं. शपथेविरुद्ध खटला भरला गेल्यास आरोपीला आधींच हरकत घेतां यावी असा नियमही त्यानेंच करून घेतला. अथेन्सच्या सरकारी लेखांत जुन्या लिपीऐवजीं आयोनियन लिपी त्याच वर्षीं आली ती त्याच्याच सूचनेवरून. फायलीच्या वीरांचा सन्मान व्हावा हा ठरावही त्याचाच. यज्ञ आणि नवस यांसाठीं मिळून हजार द्राख्मा आणि प्रत्येकास ऑलिव्हच्या पानांचा मुकुट. दर माणशीं दहा द्राख्माही पुरते पडले नाहींत. काटकसरी, कायद्याला धरून चालणारा आणि समेटाचा रक्षक असा हा पुरुष. त्याची स्तुति करणें सोपें जातें, आणि आम्हीं वर्गांत ती मनःपूर्वक केली आहे.

या स्तुतीला मोठा आधार आहे. अथेन्सच्या राज्यघटनेवरील ॲरिस्टॉटलच्या नांवें चालणारा ग्रंथ ईजिप्तमधील पपायरसच्या भेंडोळ्यांत सांपडला आणि केन्यननें तो १८९१ सालीं प्रसिद्ध केला. ग्रोटसाहेबांनीं आपल्या इतिहासाचे बारा खंड लिहिले तेव्हां त्यांना तो पाहावयास मिळाला नव्हता. त्या ग्रंथांत आर्किनसची हीं कृत्यें एकामागून एक देऊन त्याच्या मुत्सद्देगिरीची वाखाणणी केली आहे, आणि थ्रॅसिब्यूलसचा ठराव पाडणें हेंही त्या वाखाणलेल्या कृत्यांपैकीं आहे. अथेन्समध्यें ॲरिस्टॉटल स्वतः मेटिक होता. न्यायदानांत आणि अधिकारांत ज्याला भाग आहे तो नागरिक, ही त्याची व्याख्या विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्रीं पाठ करतात. ती करणारा मनुष्य ज्या शहरांत आयुष्याचीं तीसाहून अधिक वर्षें अध्ययन-अध्यापन करीत राहिला, तेथें त्या व्याख्येप्रमाणें नागरिक नव्हता.

एकदां आमच्या वर्गांत एका विद्यार्थ्यानें विचारलें, समेट जर पूर्वींचें वैर विसरण्याचा होता, तर पूर्वींचे उपकार विसरण्याचें कलम त्यांत कोठें होतें? आम्हीं त्या वेळीं कांहीं तरी सांगून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनांतून गेला नाहीं. आज आम्हांला असें वाटतें कीं, आर्किनसचीं हीं दोन कृत्यें एकाच धोरणाचीं होतीं. शहरांत राहिलेल्या तीन हजारांना घरीं निर्धास्त झोंप लागावी हें त्याचें पहिलें काम होतें. थ्रॅसिब्यूलसच्या ढाली घेऊन आलेले हजारों नवे मतदार सभेंत आले असते तर ती झोंप उडाली असती. म्हणून तिसांच्या यादींत नांव असलेला, शेजाऱ्याला ओढून नेतांना दार लावून बसलेला गृहस्थ नागरिक राहिला. आणि लांकडाची ढाल घेऊन त्या शेजाऱ्यासाठीं लढलेला परका बाहेर राहिला. समेटाचा खर्च कोणी तरी सोसावा लागतो. शंभर टॅलन्ट सर्वांनीं मिळून दिले. हा दुसरा खर्च, ज्यांना त्यावर मत देतां येत नव्हतें त्यांच्याकडून वसूल झाला. मुत्सद्दी म्हणून आर्किनस चुकला असें आम्ही म्हणत नाहीं. त्याचें कौतुक पूर्वींच्या मोकळ्या मनानें मात्र आतां आमच्यानें होत नाहीं.

पुढच्या पायऱ्या ठरल्यासारख्या पडल्या. युक्लायडीसच्या, म्हणजे ४०३-४०२ या वर्षांत पेरिक्लीसचा जुना कायदा पुन्हां घातला गेला. त्या वर्षानंतर जन्मलेल्यांचे आईबाप दोन्ही नागरिक पाहिजेत, आधीं जन्मलेल्यांची चौकशी नको. थिओझोटिडीस नांवाच्या एकानें ठराव केला कीं, अल्पसत्तेच्या काळांत लोकपक्षाकडून लढून मेलेल्यांच्या मुलांना सरकारांतून रोज एक ओबोल मिळावा. हेतु उदात्त होता. परंतु औरस मुलांनाच, अशी अट होती. दत्तक आणि अनौरस यांना वगळणें अन्याय आहे असें सांगणाऱ्या भाषणाचे तुकडे ईजिप्तच्या वाळूंतल्या पपायरसांवर मिळाले आहेत. तेंही लिसिअसनेंच लिहिलेलें आहे.

दोन वर्षांनीं, ४०१-४०० मध्यें, परक्यांची आठवण सभेला पुन्हां झाली. त्या वेळच्या ठरावाची शिळा तुकड्यातुकड्यांनीं मिळाली आहे. ती आर्किनसच्या आयोनियन लिपींत आहे. फायलीहून बरोबर आलेले, आणि मुनिकिआला लढलेले व पायरिअसमध्यें मिळालेले, असे वर्ग तींत दिसतात. पहिल्यांना पूर्ण वांटा आणि बाकीच्यांना करांतली बरोबरी, असा तिचा अर्थ पुष्कळ पंडित लावतात. ठरावाचे कळीचे शब्द मात्र फुटलेल्या भागांत गेले असल्यामुळें ते ज्यानें त्यानें आपल्या तर्कानें भरले आहेत. खालीं नांवांचे स्तंभ आहेत, अथेन्सच्या दहा कुळ्यांप्रमाणें मांडलेले. नागरिकाच्या नांवापुढें बापाचें आणि वाडीचें नांव लिहिण्याची तेथें चाल होती. या माणसांना अथेन्समध्यें सांगण्यासारखा बाप नव्हता आणि वाडीही नव्हती. म्हणून त्यांच्या नांवापुढें धंदा कोरला आहे. कैरेडेमॉस, शेतकरी. लेप्टिनीस, आचारी. डिमीट्रिअस, सुतार. युफोरिअन, खेंचरवाला. हेगेसिअस, माळी. पुढें तेल विकणारा आहे, अक्रोड विकणारा आहे, कपडे धुणारा आहे, मजूर आहे, मूर्तिकार आहे. एका जागीं बेन्डिफॅनीस असें नांव येतें. ज्या थ्रेसी देवीचा उत्सव पाहावयास सॉक्रेटीस पायरिअसला गेला होता, तिचेंच नांव या मनुष्याला त्याच्या आईबापांनीं ठेवलें होतें.